सिंहासनावरची देवनिंदा

इ. स. ४४ मधली एक सकाळ. भूमध्य समुद्राच्या काठावरच्या कैसरिया शहरात, उघड्या नाट्यगृहात राजा हेरोद अग्रिप्पा दिवस उजाडताच येऊन उभा राहिला. अंगावरचा झगा सगळा चांदीचा होता. यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो की उगवत्या सूर्याचे किरण त्या चांदीवर पडले आणि झगा असा लखलखला, की बघणाऱ्यांच्या मनात धाक बसला. मग एका बाजूने, दुसऱ्या बाजूने आवाज उठू लागले: हा माणूस नाही, हा देव आहे. राजाने कुणाला गप्प केलं नाही. थोड्याच वेळात त्याच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि पाच दिवस तळमळून तो मेला.

'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात हीच घटना चार ओळींत येते. पण तिथे एक तपशील जास्त आहे, आणि तो वाचल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. समेट मागायला आले होते ते सोर आणि सीदोन या शहरांचे लोक. राजाची त्यांच्यावर इतराजी झाली होती, आणि त्यांचं अन्नधान्य येत होतं राजाच्याच मुलखातून. त्यांनी आधी राजवाड्यातल्या ब्लस्त नावाच्या कारभाऱ्याला आपल्या बाजूला वळवून घेतलं, मग दरबार भरवला गेला, राजाचं भाषण झालं आणि देवाच्या वाणीचा जयघोष झाला. त्या लोकांची राजावर भक्ती जडली होती असं मानायला काही आधार नाही. त्यांना घरच्या चुलीची काळजी होती.

ख्रिस्ती उपासना वर्षाचे शेवटचे आठवडे नोव्हेंबरात येतात. आगमनकाळ सुरू होण्याआधी रोजच्या मिस्सेत अंतकाळाचे उतारे वाचले जातात, एका वर्षी दानिएलच्या पुस्तकातले, पुढच्या वर्षी प्रकटीकरणातले. वाचन होतं, फादर दोन शब्द बोलतात, लोक आपापल्या कामाला लागतात. पण ती चित्रं डोक्यातून जात नाहीत. समुद्रातून वर येणारं सात डोक्यांचं श्वापद, त्या डोक्यांवरची देवनिंदेची नावं, बढाया मारणारं आणि देवाला नावं ठेवणारं त्याचं तोंड. लहान मुलं घाबरतात. मोठी माणसं तर्क लढवत बसतात, की हा कोण असेल, कुठल्या देशात जन्माला येईल, की येऊन चुकला आहे? मला या दिवसांत वेगळाच प्रश्न सतावतो. देवनिंदक म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जो माणूस उभा राहतो, तो या भविष्यवाणीत आहे तरी कुठे?

आपल्या डोळ्यांसमोर येतो चौकात उभा राहून देवाला शिव्या घालणारा कुणीतरी. एखादं वेडंवाकडं चित्र काढणारा, झोंबणारं पुस्तक लिहिणारा, नाहीतर मूल गेल्याच्या दुःखात देव्हाऱ्यासमोर आदळआपट करणारा बाप. यांपैकी एकही माणूस अंतकाळाच्या या चित्रात नाही. तिथे देवनिंदा करणाऱ्याच्या डोक्यावर मुकुट आहे. प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायातल्या श्वापदाला दहा शिंगं आहेत आणि प्रत्येक शिंगावर राजमुकुट आहे. त्याला सिंहासन मिळालेलं आहे, सैन्य आहे, लोकांचं कौतुक आहे. सारं जग थक्क होऊन त्याच्यामागे जातं, आणि याच्या तोडीचं कोण, याच्याशी लढणार कोण, असं म्हणत त्याच्या पाया पडतं. देवाविरुद्ध उघडलेलं ते तोंड सत्तेचं तोंड आहे. त्याला बेचाळीस महिन्यांची मुदत दिलेली आहे, हेही प्रकटीकरणाचा लेखक योहान नोंदवतो.

योहानाने हे चित्र शून्यातून काढलेलं नाही. त्याच्या आधी दानिएलने स्वप्नात चार पशू पाहिले होते: सिंह, अस्वल, चित्ता आणि नाव नसलेला चौथा, लोखंडी दातांचा. योहानाच्या श्वापदाचं अंग चित्त्याचं, पाय अस्वलाचे आणि तोंड सिंहाचं आहे. म्हणजे दानिएलचे सगळे पशू एकाच कातडीत शिरले आहेत. दानिएलच्या चौथ्या पशूच्या डोक्यावर एक लहान शिंग उगवतं. त्या शिंगाला माणसाचे डोळे आहेत आणि फुशारक्या मारणारं तोंड आहे. हे सगळे पशू संपल्यावर मेघांवरून जो येतो, तो मात्र पशू नाही, मनुष्यपुत्रासारखा आहे. राज्य त्याला मिळतं. देवासमोर गुडघे टेकायला नकार देणारी सत्ता हळूहळू माणूसपण गमावून बसते, असं दानिएलला दिसलं होतं.

ते लहान शिंग म्हणजे सिरियाचा ग्रीक राजा चौथा अंतियोख, असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्याची नाणी आजही संग्रहालयांत पाहायला मिळतात. नाण्याच्या पाठीवर ग्रीक अक्षरांत राजाचं नाव आहे आणि नावाला जोडून बिरुद: प्रकट झालेला देव. बाजारात भाजी घेताना, मजुरी मोजून देताना, करभरणा करताना लोकांच्या हातात ती देवनिंदा खुळखुळत होती आणि कुणाला त्यात काही गैर वाटत नव्हतं. इ. स. पूर्व १६७ मध्ये त्याने यरुशलेमच्या मंदिरातले नित्याचे यज्ञ बंद पाडले, वेदीवर परक्या देवाची वेदी उभारली, सुंता आणि शब्बाथ पाळणाऱ्यांना मृत्युदंड ठरवला. तीन वर्षांनी यहुदी मक्काबी बंधूंनी मंदिर परत मिळवलं आणि शुद्ध केलं. हनुक्काचा सण त्याची आठवण म्हणून आहे.

या राजाचा आपल्या कोकणाशी एक धागा आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, आणि त्यांच्यापासून बेने इस्राएल समाज वाढला, अशी त्या समाजाची परंपरा आहे. त्यांचे पूर्वज मायदेश सोडून निघाले ते याच अंतियोखाच्या जाचाच्या काळात, असंही ती परंपरा सांगते. हे लोक इथे तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून 'शनिवार तेली' झाले, मराठी बोलू लागले. शतकं लोटली, पोथ्या नव्हत्या, हिब्रू भाषा विसरली गेली. शेमा मात्र राहिली, देव एकच आहे आणि त्याच्यावर सर्वस्वाने प्रीती करायची हे सांगणारी ती एक प्रार्थना. प्रभू येशूला सर्वांत मोठी आज्ञा कोणती असं विचारलं तेव्हा त्याने याच ओळींचा आधार घेतला होता. सगळं विसरल्यावरही जे ओठांवर राहिलं, ते नेमकं अंतियोखाच्या नाण्याला उत्तर होतं. रायगडच्या खेड्यांत घाणा ओढणाऱ्या त्या माणसांचा मला फार आदर वाटतो.

अंतियोखानंतर दोनशे वर्षांनी तीच गोष्ट पुन्हा घडू पाहत होती. इ. स. ४० मध्ये रोमचा सम्राट कालिगुला याने हुकूम सोडला की यरुशलेमच्या मंदिरात त्याचा पुतळा बसवावा. सिरियाचा सुभेदार पेत्रोनियस फौज घेऊन निघाला. वाटेत हजारो यहुदी बायकापोरांसह त्याला सामोरे गेले. तुम्ही सम्राटाशी युद्ध करणार का, असं त्याने विचारलं. ते म्हणाले, युद्ध करणार नाही, पण हे होण्याआधी आम्हाला मारून टाक. आणि जमिनीवर आडवे होऊन त्यांनी माना पुढे केल्या. दिवस पेरणीचे होते. पेरणीच्या दिवसांत शेतकरी रान सोडून दिवसेंदिवस बाहेर बसतो म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगायला नको. पेत्रोनियसलाही ते समजलं. वर्ष बुडेल, सारा बुडेल, लोक उपाशी मरतील हे त्याने पाहिलं आणि जीव धोक्यात घालून त्याने सम्राटाला कळवलं की काम थांबवावं. उलट टपाली त्याला आत्महत्येचा हुकूम सुटला. पण ते जहाज वादळात रखडलं, आणि कालिगुलाचा खून झाल्याची बातमी आधी पोचली. पेत्रोनियस ना यहुदी होता ना ख्रिस्ती. रानात न पडलेल्या बियाण्याने त्याला माणूस ठेवलं.

त्याच वेळी रोममध्ये एका माणसाने कालिगुलाशी असलेली आपली दोस्ती पणाला लावून मंदिरासाठी रदबदली केली. तो माणूस म्हणजे हाच हेरोद अग्रिप्पा. दुसऱ्याने देव म्हणवून घेतलं तेव्हा त्याचा जीव तिळतिळ तुटला होता. यहुदी तत्त्वज्ञ फिलो लिहितो की पुतळ्याचा बेत ऐकून तो मूर्च्छा येऊन पडला. चार वर्षांनी कैसरियाच्या सकाळी तोच चांदीचा झगा घालून उभा होता आणि जयघोष ऐकत होता. देवनिंदेविरुद्ध लढलेला माणूस देवनिंदेपासून सुरक्षित होतो, हा समज अग्रिप्पाने कायमचा खोटा पाडला आहे. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात देवाच्या मंदिरात बसून स्वतःला देव म्हणवणाऱ्या अधर्मी पुरुषाची सूचना आहे. ते वाचताना मला कालिगुलापेक्षा अग्रिप्पा जास्त आठवतो.

आणि जुलूम होता म्हणून लोकांनी सम्राटांना देव म्हटलं, असंही सरसकट म्हणता येत नाही. योहान ज्यांना लिहितो ती सात शहरं आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागातली. त्यांतल्या पर्गममध्ये इ. स. पूर्व २९ मध्येच रोम नगरी आणि औगुस्त कैसर यांचं देऊळ बांधायची परवानगी मागून घेतली गेली. इ. स. २६ मध्ये तिबिर्य कैसराचं देऊळ आपल्याकडे व्हावं म्हणून अकरा शहरांनी रोमच्या सिनेटपुढे आपापली बाजू मांडली. कुणी आपला प्राचीन इतिहास सांगितला, कुणी आपली निष्ठा. मान मिळाला स्मुर्णाला. अकरा शहरांचे वकील सम्राटाला देव करण्याचा हक्क आपल्याला मिळावा म्हणून भांडत आहेत, हे चित्र मला सात डोक्यांच्या श्वापदापेक्षा अधिक भीतिदायक वाटतं. देवळाबरोबर उत्सव येत होते, जत्रा, खेळ, मानमरातब, व्यापार. प्रकटीकरणात दुसरं एक श्वापद आहे, जमिनीतून वर आलेलं. ते दिसायला कोकरासारखं आहे आणि बोलतं अजगरासारखं. त्याचं काम एवढंच, की लोकांना पहिल्या श्वापदाची पूजा करायला लावायची, त्याच्या मूर्तीला वाचा द्यायची, आणि ज्याच्या कपाळावर किंवा हातावर खूण नाही त्याला बाजारात घेऊ-विकू द्यायचं नाही. सोर-सीदोनच्या लोकांना हे न सांगता कळलं असतं.

त्या स्मुर्णामध्येच साधारण इ. स. १५५ च्या सुमारास म्हातारा बिशप पॉलिकार्प पकडला गेला. त्याच्या हौतात्म्याचं जे वृत्त त्याच्या मंडळीने लिहून ठेवलं, त्यात एक प्रसंग फार जवळून दिसतो. शहराचा पोलीस अधिकारी आणि त्याचे वडील पॉलिकार्पला वाटेत भेटतात आणि आपल्या गाडीत घेतात. दोघं त्याच्या शेजारी बसून समजूत घालतात. कैसर प्रभू आहे एवढं म्हटलं आणि चिमूटभर धूप टाकला तर कुणाचं काय बिघडतं, जीव तर वाचेल! त्यांच्या बोलण्यात दुष्टपणा नाही. घरातला म्हातारा हट्टाला पेटला की आपण बोलतो तसं ते बोलतात. पॉलिकार्प आधी गप्प राहतो, मग नाही म्हणतो. तेव्हा मात्र ते त्याला इतक्या घाईने गाडीतून उतरवतात की त्याची नडगी सोलवटते. तो मागे वळूनही न बघता मैदानाकडे चालू लागतो. तिथे सुभेदार त्याला म्हणतो, ख्रिस्ताला शिव्या दे, सोडून देतो. शहाऐंशी वर्षं ज्याची चाकरी केली, ज्याने एकदाही वाईट केलं नाही, त्याला कसा शिव्या देऊ, अशा अर्थाचं त्याचं उत्तर जगप्रसिद्ध आहे.

गर्दी तिथे काय ओरडत होती? नास्तिकांना घालवा, असं ओरडत होती. सम्राटाला देव न मानणारे ते नास्तिक. देवनिंदेचा आरोप कुणावर झाला याचा हिशेब मांडला तर मन थरकून जातं. प्रभू येशूला मृत्युदंडास पात्र ठरवताना प्रमुख याजकाने वस्त्रं फाडून हाच आरोप केला होता. पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याला दगडमार झाली ती याच आरोपाखाली. ज्याची आम्ही देव म्हणून उपासना करतो, त्याच्यावर माणसांनी ठेवलेला ठपका देवनिंदेचा होता. हे रोज क्रुसाकडे पाहणाऱ्याने कसं विसरावं? पुढे ख्रिस्ती राजांच्या हातात कायदा आल्यावर मात्र आम्ही विसरलो. देवनिंदेच्या नावाखाली ख्रिस्ती न्यायालयांनीही माणसं मारली आहेत, जिवंत जाळली आहेत. हे लिहिताना मला वेदना होतात, पण ते लिहिल्यावाचून अंतकाळाच्या देवनिंदेबद्दल बोलण्याचा हक्क आम्हाला पोचत नाही. येशूने ज्या एका देवनिंदेला क्षमा नाही असं म्हटलं, तो इशारा त्याने दिला तोही पापी, जकातदार किंवा परराष्ट्रीयांना नव्हे. एक पीडित माणूस बरा झालेला डोळ्यांनी पाहून, ही भुतांच्या सरदाराची करणी आहे असं म्हणणाऱ्या शास्त्र्यांना दिला.

मग श्वापद देवनिंदा करत असताना पवित्र लोकांनी काय करायचं? तेराव्या अध्यायाच्या मध्यावर योहान याचं उत्तर देतो, आणि ते उत्तर इतकं थोडकं आहे की वाचताना नजरेतून सुटतं. धीर धरायचा, विश्वास सोडायचा नाही. तलवार उचलायची नाही. त्या तोंडाला लगाम घालायचं काम माणसांवर सोपवलेलं नाही. प्रकटीकरणात कोकराचे, म्हणजे ख्रिस्ताचे, अनुयायी जिंकतात ते कोकराच्या रक्ताने आणि आपल्या साक्षीने, जिवाची पर्वा न करता. देवनिंदकाला मारून नव्हे. ज्यांनी ही मर्यादा ओलांडली त्यांचं काय झालं ते जर्मनीतल्या म्युन्स्टर शहरात दिसतं. १५३४ मध्ये तिथे अंतकाळ आला असं मानणाऱ्यांनी शहर ताब्यात घेतलं, पुस्तकं जाळली, विरोधकांना ठार केलं, आणि काही महिन्यांतच त्यांच्या पुढाऱ्याने, लायडनच्या यानने, स्वतःला राजा घोषित केलं. श्वापदाशी लढायला निघालेल्यांनी शेवटी मुकुट आणि सिंहासनच घडवलं. १५३५ मध्ये बिशपच्या सैन्याने शहर घेतलं आणि पुढच्या वर्षी म्होरक्यांना हालहाल करून मारलं. त्यांची प्रेतं ज्या तीन लोखंडी पिंजऱ्यांत टांगली, ते पिंजरे संत लांबेर्टच्या चर्चच्या मनोऱ्यावर आजही लटकत आहेत. त्या पिंजऱ्यांकडे पाहून दोन्ही बाजूंची लाज वाटते.

६६६ या आकड्याबद्दल फार काही बोलायची गरज नाही. 'नेरो कैसर' या नावाचं ग्रीक रूप हिब्रू अक्षरांत लिहून अक्षरांच्या किमतींची बेरीज केली की तोच आकडा येतो, आणि काही जुन्या प्रतींत असलेला ६१६ हा आकडाही त्याच नावाच्या लॅटिन रूपाशी जुळतो. त्यानंतर लोकांनी तो पोपवर, लूथरवर, नेपोलियनवर, बारकोडवर, लशीवर आणि आधार क्रमांकावरही बसवून पाहिला आहे. 'ख्रिस्तविरोधी' हा शब्द तर प्रकटीकरणात एकदाही येत नाही. तो फक्त योहानाच्या पत्रांत येतो, आणि तिथे असे अनेक ख्रिस्तविरोधी आताच उठले आहेत, ते आपल्यातूनच बाहेर पडले, असं लिहिलेलं आहे. दूरच्या देशातला शत्रू शोधणाऱ्याला त्या वाक्यात काही हाती लागत नाही.

त्यापेक्षा अठराव्या अध्यायातली मालाची यादी वाचावी. बाबेल नगरी पडते, आणि बाबेल म्हणजे रोम हे त्या काळच्या वाचकाला वेगळं सांगावं लागत नव्हतं. व्यापारी लांब उभे राहून रडतात, कारण आता त्यांचा माल घेणारा कुणी उरला नाही. सोनं, चांदी, रत्नं, मोती, तलम कापड, हस्तिदंत, दालचिनी, धूप, द्राक्षारस, तेल, सपीठ, गहू, गुरं, मेंढरं, घोडे, रथ... आणि यादीत सर्वांत शेवटी माणसं, माणसांचे जीव. मोती, रत्नं, हस्तिदंत असा माल हिंदुस्थानातून रोमला जातच होता. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तकात सुप्पारा आणि कल्लिएना, म्हणजे आमच्या वसई तालुक्यातलं सोपारा आणि शेजारचं कल्याण, यांची नावं आहेत. रोमच्या बाजारातल्या त्या यादीतला काही माल कुठल्या किनाऱ्यावरून निघाला असेल, हा विचार सोपाऱ्यावरून जाताना मनात येतोच. श्वापद देवाच्या नावाची निंदा करतं तेव्हा त्याचा अर्थ या यादीत उलगडतो. देवाने आपल्या प्रतिरूपात घडवलेला माणूस घोड्यांच्या आणि रथांच्या खाली, यादीच्या तळाशी, नगाच्या भावाने विकला जातो. माझ्या दृष्टीने त्या सबंध पुस्तकातली सर्वांत मोठी देवनिंदा ती आहे. त्यासाठी श्वापदाला तोंडही उघडावं लागलं नाही.

उपासना वर्षाच्या शेवटच्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण असतो. तो फार जुना नाही. अकरावे पायस यांनी तो १९२५ च्या डिसेंबरात सुरू केला. इटलीत मुसोलिनी सत्तेवर येऊन तीन वर्षं झाली होती, राष्ट्र आणि नेता यांच्यापुढे सगळं गौण मानण्याचे दिवस होते. तेव्हा राजा कोण, हे सांगायची गरज पोपना वाटली. पुढच्या वीस वर्षांत ते सांगणं किती महाग पडू शकतं हे एका शेतकऱ्याने दाखवून दिलं.

फ्रान्झ येगरश्टेटर, ऑस्ट्रियातल्या सांक्ट राडेगुंड या खेड्यातला. जन्म १९०७ चा. थोडी शेती, गुरं, बायको फ्रान्झिस्का आणि तीन मुली. गावच्या चर्चमध्ये सेवेकऱ्याचं काम करायचा. १९३८ च्या जानेवारीत त्याला स्वप्न पडलं: डोंगराला वळसा घालून एक देखणी आगगाडी येते आहे, मुलंबाळं, मोठी माणसं तिच्यात चढायला धावत आहेत, आणि कुणीतरी सांगतं की ही गाडी नरकाला जाते. मार्चमध्ये हिटलरचं सैन्य ऑस्ट्रियात आलं. एप्रिलच्या मतदानात अख्ख्या गावात विरोधी मत देणारा तो एकटा होता. पुढे लष्करात बोलावलं तेव्हा त्याने सांगितलं की हिटलरसाठी हे युद्ध मी लढणार नाही. जखमींची सेवा करायला तयार आहे. शेजाऱ्यांनी समजावलं. फादरांनी समजावलं. तो लिंझच्या बिशपांकडे गेला. त्यांनीही बायकापोरांचा विचार कर असंच सांगितलं. पॉलिकार्पच्या गाडीतलं बोलणं अठराशे वर्षांनी जसंच्या तसं पुन्हा ऐकू येतं, आणि या वेळी ते आपल्याच माणसांच्या तोंडून येतं. फ्रान्झिस्काने सुरुवातीला त्याला अडवलं, मग त्याच्या बाजूने उभी राहिली. ९ ऑगस्ट १९४३ ला ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. युद्ध संपल्यावरही गावाने त्याच्या बायकोलाच बोल लावला आणि युद्धविधवेचं निवृत्तिवेतन तिला कित्येक वर्षं नाकारलं गेलं. २००७ च्या ऑक्टोबरात लिंझच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्झला धन्यवादित जाहीर केलं तेव्हा ती चौऱ्याण्णव वर्षांची होती आणि समोर बसलेली होती.

फ्रान्झने कुणाला देवनिंदक म्हटलं नाही. कुणावर हात उगारला नाही. त्याने फक्त हिटलरसाठी लढायला नकार दिला.

आज सकाळी प्रार्थनेला बसताना प्रकटीकरणातला आणखी एक प्रसंग जवळ ठेवावासा वाटतो. योहानाने श्वापद पाहिलं, त्याची मूर्ती पाहिली, खोटी पूजा करणाऱ्यांचा शेवट पाहिला. एवढं सगळं पाहून झाल्यावर एकोणिसाव्या अध्यायात तो हे दाखवणाऱ्या देवदूताच्याच पाया पडतो. देवदूत घाईघाईने त्याला अडवतो: असं करू नको, मीही तुझ्यासारखाच सेवक आहे, नमन देवाला कर. पुढे नवं आकाश, नवी पृथ्वी, जीवनाच्या पाण्याची नदी पाहून झाल्यावर, पुस्तकाच्या अगदी शेवटच्या अध्यायात, योहान पुन्हा त्याच देवदूताच्या पायांशी वाकतो आणि देवदूताला पुन्हा तेच सांगावं लागतं. पात्म बेटावर हद्दपारी भोगणारा, कैसरापुढे न वाकलेला हा माणूस. त्याला दोनदा उठवावं लागलं, आणि आपल्या पुस्तकात त्याने दोन्ही वेळा ते लिहून ठेवलं.